रात्रीची पाळी आणि मेंदूचा निचरा



१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा मिरचीच्या बाजारपेठेसाठी, शहाद्याच्या केळी-पपईसाठी आणि सातपुड्याच्या रांगांसाठी ओळखला जातो. येथील, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रातील, बागायतदाराच्या घरात एक वाक्य नेहमी ऐकू येते : ‘या आठवड्यात रात्रीची लाईट आहे.’ शेतीपंपांची वीज पाळीने मिळत असल्याने रात्रीची पाळी आली की शेतकरी हातात बॅटरी घेऊन मध्यरात्री शेताकडे निघतो. साप-विंचवाचे भय सर्वांनाच ठाऊक आहे. तळोदा-शहादा पट्ट्यात ते बिबट्याचेही आहे. परंतु या जागरणाची आणखी एक किंमत आहे आणि ती कोणाच्याच हिशेबात धरली जात नाही. ती मेंदूला मोजावी लागते.

मेंदूचे वजन शरीराच्या अवघे दोन टक्के; पण शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. जेथे चूल अखंड पेटते तेथे राखही साठणारच. मेंदूच्या कामातून बीटा-अमायलॉइडसारखी प्रथिने बाहेर पडतात. ती साचत गेल्याची खूण स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर या रोगात दिसते. मग ही राख बाहेर कशी पडते?

२०१२ साली अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात डॉ. मायकेन नेडरगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून याचे उत्तर मांडले. मेंदूभोवती एक स्वच्छ द्रव असतो. माणसात तो सुमारे दीडशे मिलिलिटर असतो आणि दिवसातून तीन-चार वेळा नव्याने तयार होतो. हा द्रव रक्तवाहिन्यांच्या कडेने आत शिरतो, पेशींमधील फटींतून झिरपतो आणि टाकाऊ द्रव्ये घेऊन बाहेर पडतो. पाट, चारी, सरी आणि शेवटी निचरा. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. २०१३ साली याच गटाला आढळले की, उंदीर झोपला की पेशींमधील जागा साठ टक्क्यांहून अधिक वाढते आणि बीटा-अमायलॉइड दुप्पट वेगाने निघून जाते. २०१८ साली अमेरिकेत वीस निरोगी माणसांना एक रात्र जागे ठेवले, तेव्हा त्यांच्या मेंदूच्या काही भागांत हे प्रथिन वाढलेले दिसले.

अर्थात शास्त्राने शेवटचा शब्द उच्चारलेला नाही. २०२४ साली लंडनमधील संशोधकांनी उंदरांवरच प्रयोग करून झोपेत हा निचरा उलट मंदावतो, असा निष्कर्ष काढला. तो वाद अद्याप चालू आहे. मात्र माणसांवरील दीर्घ निरीक्षणे दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. ब्रिटनमधील सुमारे आठ हजार व्यक्तींची पंचवीस वर्षांची पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत सातत्याने सहा तास वा त्याहून कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे तीस टक्क्यांनी अधिक आढळला. यावरून अपुरी झोप हेच कारण ठरत नाही. रोगाची सुरुवातही झोप उडवू शकते. तरीही हा इशारा आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात साठीवरील सुमारे अठ्ठ्याऐंशी लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. ‘वय झाले, विसरणारच’ असे म्हणून आपण त्यांच्याकडे पाठ फिरवतो. आजोबा मोठ्याने घोरतात, झोपेत श्वास अडकून दचकतात, याची घरात थट्टा होते. वास्तविक ते तातडीने डॉक्टरांना दाखवण्याचे लक्षण आहे.

चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहे. म्हणून आजचा शोध तेव्हाच लागला होता, असा दावा करण्याचे कारण नाही. मात्र झोपेला अन्नाच्या पंक्तीला बसवण्याचे शहाणपण त्या परंपरेत होते. आज रात्री उशिरापर्यंत जागणे हे कर्तबगारीचे लक्षण मानले जाते, हे अधिक खेदजनक आहे.

शहरातला माणूस दूरचित्रवाणी आणि मोबाईल बंद करून झोप परत मिळवू शकतो. रात्री पाणी भरणाऱ्याला ती मुभा नाही. नवापूर, अक्कलकुवा, धडगाव भागातून दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या वनवासी बांधवांनाही नाही. ऊस भरायला वाहन रात्री-अपरात्री आले तरी उठावेच लागते. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. या योजनेकडे केवळ विजेच्या दराच्या दृष्टीने पाहू नये. दिवसाची वीज मिळालेल्या प्रत्येक गावाला त्याची रात्र परत मिळते.

तोवर घराच्या हातात थोडे आहेच. भावाभावांत रात्रीची पाळी वाटून घ्यावी. पहाटे परतलेल्या माणसाला अंधाऱ्या, शांत खोलीत झोपू द्यावे. आलेल्या-गेलेल्याने त्याला उठवू नये. दिवसा झोपलेल्या त्या माणसाला कोणी आळशी म्हणू नये. रात्रभर त्याने शेताला पाणी दिले. आता त्याच्या मेंदूच्या निचऱ्याची वेळ आहे.