मुरूम, हळद आणि विरजण



मुरूम म्हटले की आपल्या उचगावात पहिल्याने पाणंदीवर टाकावयाचा मुरूम आठवतो. युनियनचा माणूस त्यावर बोलणार म्हणजे ठेकेदाराचे काहीतरी प्रकरण बाहेर येणार, असे पुढे बसलेल्या दोघातिघांना वाटले असेल. त्यांची निराशा होणार आहे. मी बोलणार आहे तोंडावरच्या मुरुमांविषयी, आणि त्यांवर लावण्यासाठी पाला, मुळी, विरजण अशी जी नाना द्रव्ये आज डबीत घालून विकली जातात त्यांविषयी. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. परंतु शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतल्या माणसांकडून तीस वर्षे कातडीच्या तक्रारी इतक्या ऐकल्या की, त्या विषयावर मिळेल ते वाचणे भाग पडले.

मुरूम येतो कसा, हे आधी पाहू. कातडीत केसाच्या मुळाशी तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वयात येताना त्यांना जोर चढतो. केसाचे छिद्र मृत पेशींनी बुजते, आत तेल साठते, आणि तेथे मूळचेच राहणारे जंतू त्या तेलावर माजतात. मग सूज, लाली, पू. हे जंतू तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्या कातडीवर आहेत. तेव्हा तोंड खसाखसा घासून मुरूम जाईल ही समजूत सोडून दिली पाहिजे. घासल्याने जातो तो कातडीवरचा आंबट लेप. १९२८ साली शाडे आणि मार्किओनिनी या दोघांनी निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते हे मांडले, आणि ते आजही मान्य आहे. साबण बहुधा याच्या उलट, चुन्याच्या जातीचा. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. घरी जाऊन पाहा. हळदीचा डाग पडलेल्या कापडावर साबण लावला की डाग लाल होतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात तेव्हा तो रंग येतो, तोच हा. ज्यांची कातडी नाजूक आहे, वाऱ्या-उन्हाने चटकन लाल होते, त्यांनी दिवसातून चारदा असा साबण लावला तर ती कोरडी पडते, चुरचुरते, आणि मग तीवर काहीही लावले तरी झोंबते. पुष्कळांची ‘नाजूक कातडी’ ही अशी साबणाने केलेली असते.

आता हळदीकडे येऊ. सांगली काही आपल्याला लांब नाही. हरिपूरला हळद साठविण्याची जमिनीखालची पेवे ज्यांनी पाहिली आहेत असे लोक या सभेत असतील. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी हळदीवर एक मोठीच लढाई होऊन गेली. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपीच्या विद्यापीठाला, हळदीने जखम भरून येते या ‘शोधा’चे पेटंट मिळाले! आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली, जुने ग्रंथ आणि छापील लेख पुराव्यादाखल पुढे केले, आणि १९९७ साली ते रद्द झाले. परिषदेचे प्रमुख त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर होते, गोव्याच्या माशेल गावचे. हळद आपली आहे, हे त्या खटल्याने जगाने मान्य केले. मुरूम हळदीने बरा होतो, हे मात्र त्यात कोणी सिद्ध केलेले नाही, आणि जाहिरातवाले हा फरक मोठ्या खुबीने गिळतात. हळदीतील पिवळे द्रव्य सूज उतरविणारे आहे, हे प्रयोगशाळेत दिसते. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि कातडीत सहज उतरत नाही. डबीवर हळकुंडाचे चित्र असणे आणि आत ते कामी पडेल इतके व तशा रूपात असणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

वनस्पतीत गुण नाही असे माझे म्हणणे नाही. ऑस्ट्रेलियात ‘टी ट्री’ नावाच्या झाडाच्या तेलाची रीतसर परीक्षा झाली. १९९० साली १२४ रुग्णांवरील निष्कर्ष छापून आले. पाच टक्के तेलाचा लेप आणि डॉक्टर देतात ते पाच टक्के बेंझॉईल पेरॉक्साइड यांची तुलना केली होती. दोहोंनी मुरूम कमी झाले; झाडाचे तेल सावकाश लागू पडले, पण त्रास कमी झाला. याला मी पुरावा म्हणतो. मात्रा ठरलेली, माणसे मोजलेली, तुलना केलेली. आपल्या कडुनिंबालाही असाच न्याय मिळावा.

कडुनिंबावरून एक हकीगत सांगतो. एका कारखान्यातील लेथवरचा कामगार माझ्याकडे आला. कोपरापर्यंत दोन्ही हात आणि मांड्या काळ्या डोक्याच्या पुटकुळ्यांनी भरलेल्या. सुपरवायझरने त्याला सांगितले होते, “मटण कमी खा, अंगात उष्णता झालीय.” घरची माऊली रोज रात्री कडुनिंबाचा पाला वाटून लावीत होती. आणि सकाळी हा गडी तेलाने भिजून वाळलेली तीच पँट पुन्हा चढवीत होता! यंत्राचे तेल छिद्रांत बसून हा रोग होतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने खनिज तेलाच्या पुटकुळ्या सरकारला कळवावयाच्या रोगांच्या यादीत घातल्या. मटणाचा त्यात उल्लेख नाही. आम्ही कपड्यांचा दुसरा जोड, हात धुण्याची जागा आणि साबण मागून घेतला. हात पुसावयाच्या चिंध्यांत लोखंडाचा कीस असे, त्या बदलून घेतल्या. दोन महिन्यांत हात निवळले. पाला तेव्हाही लावला जातच होता. श्रेय त्याला द्यावयाचे असेल तर माझी हरकत नाही.

घरातही हेच घडते. कपाळभर मुरूम आलेल्या मुलीच्या डोक्यावर आई खोबरेल चापून बसविते, ते कपाळावर उतरते, आणि मग मुरुमांसाठी लेप विकत आणला जातो.

आता विरजण. १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने दह्यातील जंतू ओळखला, आणि पॅरिसच्या मेचनिकॉफने दह्याचा मोठा गवगवा केला. उपकारक जिवंत जंतूंना आज ‘प्रोबायोटिक’ म्हणतात. २००१ साली जागतिक तज्ज्ञांनी व्याख्या केली तीत ‘जिवंत’ आणि ‘पुरेशा प्रमाणात’ ही दोन अंगे आहेत. मग मला सांगा, दुकानातील मलम दोन-दोन वर्षे टिकते कसे? जंतू मारणारे द्रव्य घातल्यावाचून ते टिकणार नाही, आणि ते घातल्यावर विरजण जिवंत राहणार नाही. म्हणून अशा बहुतेक डब्यांत जंतूंचे तुकडे किंवा आंबवणीचे गाळलेले पाणी असते. त्याने लाली व कोरडेपणा थोडा कमी होतो असे लहान प्रयोगांत दिसले आहे. पण त्याला विरजण म्हणून विकणे म्हणजे कोंबडीच्या रश्श्याला कोंबडी म्हणून विकणे होय. घरच्या दह्यात आंबट द्रव्य साधारण एक टक्क्याच्या आसपास असते. ते थोडा वेळ लावून धुतल्यास बहुतेकांना अपाय नाही. पण फुटलेल्या मुरमावर लावू नये. लिंबू तर लावूच नये. लिंबाचा रस आणि ऊन मिळून कातडी भाजते.

हे टिकविणारे द्रव्यही आम्हा कारखानेवाल्यांच्या ओळखीचे आहे. सुट्टीनंतर लेथच्या कूलंटला कुजका वास येतो, कारण त्यात जंतू वाढतात. ते मारायला जी औषधे घालतात त्यांतील आयसोथायाझोलिनोन हे घराणे प्रसाधनांतही असते, आणि पुष्कळांना त्याने खाज व पुरळ उठते. त्यातील एका द्रव्यावर युरोपने २०१६ साली, धुऊन न टाकावयाच्या प्रसाधनांपुरती बंदी घातली. ‘शुद्ध वनस्पतिजन्य’ अशी पाटी असली तरी डबी उलटी करून बारीक अक्षरे वाचावीत, ती यासाठी.

आणि खरी धास्ती मला पाल्याची नाही, ट्यूबची आहे. औषधाच्या दुकानातून कोणी सांगितली म्हणून आणलेली, आठ दिवसांत चेहरा उजळविणारी ट्यूब पुष्कळदा स्टिरॉइडची असते. कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, मुरूम वाढतात. आणि बंद केली की चेहरा पेटतो, म्हणून माणूस पुन्हा लावतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ द्रव्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला. चिठ्ठी मागणारा दुकानदार तुम्हाला किती भेटला, ते तुम्हीच मला सांगा.

नवा लेप, मग तो सहाणेवर उगाळलेला असो की शहरातून आणलेला, आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लावावा, आठवडाभर रोज. खाज आली नाही तरच तोंडाकडे न्यावा. ज्यांना गाठी येतात, खड्डे पडतात, त्यांनी पाल्यात महिने घालवू नयेत. सी. पी. आर. रुग्णालयात कातडीचे डॉक्टर बसतात. जाताना आजवर तोंडाला लावलेल्या सगळ्या ट्यूबा, डब्या आणि पुड्या पिशवीत घालून बरोबर न्याव्यात, आणि डॉक्टरांपुढे टेबलावर ओताव्यात.