अंगाची निगा : घरातली आणि फडावरची



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय दिला तो ‘घरच्या घरी शरीराची व मनाची निगा’ असा. पत्र वाचून आम्ही प्रथम हसलो. युनियनच्या माणसाला बोलवायचे आणि उटण्यावर बोलायला सांगायचे, हा काय प्रकार आहे ते ध्यानात येईना. विचारले तर चिटणीस म्हणाले, “तुम्ही मजुरीच्या दरावर बोलणार हे लोकांना ठाऊकच आहे. एकदा दुसऱ्या कशावर बोला.” म्हटले, बोलू. आमचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पुढचे जे काही ते काट्यावरच्या पावत्या, किराणा दुकानातले पुडीचे कागद आणि सार्वजनिक वाचनालय यांच्या कृपेचे. तेव्हा वैद्यकशास्त्राची अपेक्षा आमच्याकडून कोणी ठेवू नये. तीस वर्षे ऊसतोडणी करणाऱ्या माणसांत काढली, त्यात अंग कसे झिजते आणि कशाने भरून येते एवढे पाहिले. तेच सांगणार आहोत.

वेळही जुळून आली आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही वसंतातल्या व्याख्यानांची चाल घातली, तेव्हापासून उन्हाळा लागला की गावोगाव सभागृहे भरतात. नेमक्या याच दिवसांत आपल्या जिल्ह्यातल्या टोळ्या परततात. दसरा-दिवाळी झाली की पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, केज, परळी इकडची माणसे ट्रॅक्टरमागे संसार बांधून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पाच-सहा महिने शेताच्या कडेला कोपी घालून राहतात. ती आता उतरत आहेत. इकडे येताना रस्त्यात आपण पाहिली असतील.

कातडीपासून सुरुवात करू, कारण अंगाची पहिली भिंत तीच. ज्याने ऊस तोडला नाही त्याला वाटते, पान म्हणजे गवताचीच थोरली जात. पण उसाच्या पानाला करवतीसारखी धार असते, आणि देठापाशी बारीक कूस असते ती हातामानेत शिरते. यावर आमच्या बायकांचा उपाय असा : साडीवर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा सदरा घालायचा, डोक्याला फडके घट्ट बांधायचे आणि निघण्यापूर्वी हातांना तेलाचा हात फिरवायचा. खोबरेल असो की करडईचे, अंगाला लावायला दोन्ही चालतात. संध्याकाळी आधी नुसत्या पाण्याने कूस धुऊन टाकायची, मग साबण लावायचा. आधीच खसाखसा चोळले तर कूस आणखी आत जाते. टाचेच्या भेगांना गोडेतेलात मेण वितळवून भरतात, आणि रात्री वर फडके बांधतात. हे सारे खरोखर गुणकारी आहे. पण कोयता लागला तर हळद भरून, चुना लावून भागत नाही. जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी, कापड दाबून धरावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. हळद आमटीत चांगली.

उटण्याविषयी एवढेच सांगतो की डाळीचे पीठ, हळद आणि दही घरात असताना तेच रंगीत बाटलीत घालून चौपट दराने घेण्यात काही निसर्ग नाही. असो.

दुसरी गोष्ट पाण्याची. फडावरची बाई पाणी कमी पिते. का, तर आडोसा नाही. पहाटे अंधारात एकदा आणि रात्री अंधारात एकदा, मधले सारे तास ती तहान मारते. मग उन्हाळी लागते, लघवीला जळजळ होते, कंबर धरते. घरी आपण धन्या-जिऱ्याचे पाणी देतो, त्यात वाईट काही नाही. पण त्यातले औषध बहुतांशी पाणीच असते, आणि ताप-थंडी भरली की दवाखाना गाठावा लागतो. उलट्या-जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहावे. १९७१ साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले, बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखरमिठाचे असेच पाणी भांड्याभांड्याने पाजून असंख्य माणसे वाचवली. साखरेचा याहून मोठा उपयोग आमच्या ऐकिवात नाही. आणि जिच्या हातांनी त्या साखरेचा ऊस तुटतो, तिच्या कोपीत हे प्रमाण बहुधा कुणी सांगितलेले नसते.

आता जे बोलायचे ते चारचौघांत बोलत नाहीत. भगिनी बसल्या आहेत हे आम्ही जाणतो. तरी बोलणार आहोत, कारण न बोलण्याची किंमत आम्ही पाहिली आहे.

दोन पाळींच्या मधल्या काळात अंगावर थोडे पातळ पांढरे जाणे हा रोग नव्हे. देह आपली सफाई आपण करतो, आतून साबणाने धुण्याची गरज नसते. खाज सुटली, घाण वास आला, रंग पिवळा-हिरवा झाला किंवा दह्यासारखे जाऊ लागले, ओटीपोटात दुखू लागले, तर तो बहुधा जंतूंचा विकार असतो. तो औषधाने बरा होतो, मात्र काही वेळा नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते. पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसले, अथवा पतिपत्नीच्या संबंधानंतर दिसले, तर एक दिवसही न थांबता तपासून घ्यावे. आणि पाळीचे कापड साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी पंचमहाभूतांपासून देह कसा झाला त्याचा विचार कापडाच्या पासोडीवर लिहिला, आणि ती पासोडी आपण आजवर जपली. बाईच्या कापडाला मात्र ऊन दिसू नये अशी आपली व्यवस्था. ते साडीखाली, पाचटाखाली लपवून ओलसरच राहते आणि दुसऱ्या दिवशी तसेच वापरले जाते.

आमची धाकटी बहीण एका टोळीत होती. २००१ सालची गोष्ट. अंगावरून जात होते, कंबर दुखत होती. चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईची कंबर दुखणारच. तिचा नवरा फडावर अडकलेला, म्हणून तिला आम्ही दवाखान्यात नेले. कोणता, ते सांगत नाही. दहा मिनिटे तपासले आणि सांगितले, “पिशवीला सूज आहे, ठेवली तर उद्या कर्करोग होईल.” तिचे वय तेव्हा सत्तावीस, पदरी दोन मुले. आम्ही घाबरलो. ती घाबरली नाही. म्हणाली, “दादा, काढून टाकू एकदाची. दर महिन्याचा खाडा तरी वाचंल.”

खाडा म्हणजे काय ते शहरातल्या मंडळींना सांगायला हवे. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती तोडणीतून फेडायची. एक दिवस कोणी पडून राहिले तर त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड पडतो. आजघडीला तो पाचशे रुपये, कुठे त्याहूनही जास्त आहे. पाळीचे दोन दिवस निजून काढायचे म्हणजे कर्ज वाढवायचे. आमच्या बहिणीने हा हिशेब मनातल्या मनात केला होता. आम्ही केला नव्हता, आम्ही नुसते भ्यालो. पैसे पुढच्या उचलीतून आले. कागदावर सही आम्ही केली. पुडीचा कागदही वाचल्याशिवाय न टाकणारे आम्ही, तो कागद न वाचता सही केली.

चार महिन्यांनी ती पुन्हा फडावर गेली. तिशीच्या आतच अंगातून वाफा निघू लागल्या, झोप उडाली, गुडघे धरले. फार पुढे अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात एका डॉक्टरबाईंनी समजावून सांगितले की पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढलेले आहेत, आणि ते गेले की बाईला एका दिवसात पन्नाशी येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. तोवर ते कोश कशासाठी असतात हेच आम्हांला ठाऊक नव्हते.

एका घरची गोष्ट म्हणून सोडून दिली असती. पण २०१९ साली वर्तमानपत्रांनी आवाज उठवला, सरकारने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि आपल्या जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात सुमारे सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांतल्या वयांचा मेळ तंतोतंत बसत नसेल, पण तीन आणि सतरा यांतला फरक वयाने भरून निघत नाही. यातली प्रत्येक शस्त्रक्रिया चुकीची होती असे आम्ही म्हणत नाही. गाठी असतात, कर्करोग असतो, रक्तस्राव औषधाने थांबत नाही, तेव्हा शस्त्रक्रियेने जीव वाचतो. प्रश्न बाकीच्यांचा आहे.

कर्करोगाची भीती खोटी नाही, पण तिच्यावरचा उपाय पिशवी काढणे हा नव्हे, तपासणी हा आहे. शेजारचा धाराशिव जिल्हा, तेव्हाचा उस्मानाबाद, तिथल्या खेड्यांत एक लाख तीस हजारांहून अधिक स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाचा त्यात हात होता, आणि २००९ साली तो जगापुढे आला. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाला कारण होणारा जो विषाणू आहे, त्याची आयुष्यात एकदा तपासणी केली तरी त्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात, असे त्यात दिसले. याहून साधी तपासणी सिरक्यातल्या आम्लाची. परिचारिका ते गर्भाशयाच्या मुखाला लावते आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहते. स्वयंपाकघरातलीच वस्तू, पण हा प्रयोग घरी करायचा नाही, शिकलेल्या डोळ्यांनी पाहायचा असतो. मग आपल्याकडच्या बाईला भीती मिळाली आणि तपासणी मिळाली नाही, असे का झाले?

म्हणून चिटणिसांना आम्ही सांगितले होते की विषय कोणताही द्या, आम्ही मजुरीवरच येऊ. घरगुती उपचार करायला घर लागते आणि एक मोकळा दिवस लागतो. तेल, गरम पाणी, शेक, धुतलेले कापड, पोटभर भाकरी, हे सारे त्या दिवसात मावते. तो दिवस नसेल तर तेलाची बाटली कोपीच्या मेढीला नुसती लटकत राहते. मुंबईच्या गिरणी कामगारांनाही एके काळी असा दिवस नव्हता. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा घेतल्या, हजारो सह्यांचा अर्ज केला, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार खंडोबाचा वार, हेही त्यांनी मांडले होते. आपण सारे रविवारी निवांत न्हातो, डोक्याला तेल लावतो, ते लोखंड्यांच्या खटपटीमुळे. १८९० साली गिरणीत जे मिळाले ते आमच्या फडावर अजून पोहोचायचे आहे. पाळीच्या दिवसांचा खाडा माफ करा, ही मागणी आम्ही मुकादमांपुढे आणि कारखान्यांपुढे मांडतो, तेव्हा ते म्हणतात, “मग प्रत्येक बाई दर महिन्याला दोन दिवस बसेल.” आम्ही म्हणतो, बसू द्या.

राहता राहिले मन. आम्ही वारकरी घरातले. संध्याकाळच्या हरिपाठाने दिवसभराचा शीण उतरतो, हे आम्ही अंगाने अनुभवले आहे. नवरे मंडळींचा शीण बाटलीने उतरतो म्हणतात, तो खरे तर बायकोच्या अंगावर उतरतो. पण आमच्या बहिणीच्या मनाचा भार हरिपाठानेही हलका झाला नाही. ती बोलेनाशी झाली होती. तिला वाटे, आपलेच अंग नासके. चार-पाच वर्षांपूर्वी आम्ही गावात एक प्रथा सुरू केली. टोळ्या परतल्या की रविवारी देवळाच्या सभामंडपात बाया बसतात, आरोग्य केंद्राच्या परिचारिकाबाई येतात, आशाताई येतात. पुरुषांनी बाहेर पारावर बसायचे. पहिल्या रविवारी कोणी तोंड उघडले नाही. चहा पिऊन सगळ्या घरी गेल्या. दुसऱ्या रविवारी आमची बहीण उठली आणि आपली सारी हकीकत तिने सांगितली, आम्ही न वाचता सही केली तेही सांगितले. पारावर आम्हांला ऐकू येत होते. त्यानंतर आतला आवाज वाढला तो दिवेलागण झाली तरी थांबेना.

आता दर हंगामानंतर ती कुणाना कुणासोबत दवाखान्यात जाते. डॉक्टरांना विचारते, सोनोग्राफीत काय दिसले, औषधाने किती दिवसांत उतरेल, काढणार म्हणता तर बीजकोश ठेवणार की नाही, आणि कागद मोठ्याने वाचून दाखवा. दोन डॉक्टर तिच्यावर रागावले, एकाने खुर्ची दिली. गेल्या वर्षी तिने पिशवी काढायला निघालेल्या तिघींना दुसऱ्या ठिकाणी दाखवले. दोघी गोळ्यांवर बऱ्या झाल्या. तिसरीची गाठ मोठी होती, तिची शस्त्रक्रिया करावीच लागली, आणि ती ठीक आहे.

चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत. आमच्या गावच्या परिचारिकाबाई आज मुद्दाम आल्या आहेत, बहीणही आली आहे. भगिनींपैकी कुणाला काही विचारायचे असेल तर त्यांनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जावे. आम्ही पुरुषमंडळी इकडेच बसू.