आकाशातला शेजारधर्म



आपल्या हैदराबादजवळ शादनगरला उपग्रहांचे संदेश टिपणाऱ्या मोठाल्या अँटेना आहेत. सुरुवातीला तिथे अमेरिकेच्या लँडसॅटची चित्रे उतरत. आपला आयआरएस-१ए १९८८ मध्ये गेला, तोही सोव्हिएत अग्निबाणाने.

असा उपग्रह एका केंद्राच्या टप्प्यात एका फेरीत जेमतेम दहा-बारा मिनिटे असतो. म्हणून अंटार्क्टिकातल्या भारती तळावरही आपण अँटेना उभारली. तरी पूर आला, की आपला उपग्रह नेमका तेव्हाच वर असेल असे नाही. यासाठी अनेक देशांच्या अवकाश संस्थांची एक सनद आहे. इस्रो तिच्यात २००१ मध्ये सामील झाली. संकटात सापडलेल्या देशाला बाकीच्यांनी चित्रे विनामूल्य द्यायची. आपण देतो, तशी घेतोही.

शेजारधर्म म्हणजे दुसरे काय?

गणपती बाप्पा मोरया!