गिटारची मान आणि बोल्ट



जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत आयुष्य घालविलेल्या आम्ही गिटारवर का बोलावे? प्रश्न नटबोल्टचा आहे म्हणून!

गिटारच्या सहा पोलादी तारांचा ताण सुमारे ७० किलो. अकोल्यातील आमच्या एका कामगाराच्या मुलाने गिटार घडविली. मानेचे कुसू, म्हणजे जे टोक पेटीत शिरते, त्यात त्याने समोरून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आटे पाडलेली पितळी बूश बसविली. वैशाखात लाकूड सुकले, बूश उपटून आली. पोराला वाटले, आपल्याला हातच नाही. हात उत्तम होता. धातूची जागा चुकली होती. टोकाकडून धरलेले तंतू लवकर तुटतात.

आम्ही म्हटले, बाबा, कुसवाला आडवे भोक पाड. त्यात मध्ये आटे असलेली गोल पोलादी कांडी घाल आणि ६ मिलिमीटरचा बोल्ट तिच्यात आवळ. मग ओढ आट्यांवर नाही, कांडीपुढच्या सबंध लाकडावर येते. बोल्टच्या डोक्याखाली रुंद वायसर हवाच, नाहीतर पेटीतला ठोकळा चेपतो. (आवळताना रुईची गाठ दाबायची नाही, हे ध्यानात असावे.)

बोल्टने आवाज मरतो, असे काही जाणकार म्हणतात. अमेरिकेत १९७४ साली निघालेली टेलर कंपनी बोल्टच्याच मानेवर नावाजली. सरसाची मान सोडवायला वाफ द्यावी लागते. ही पान्याने उतरते. पोराने ती त्याच रात्री उतरविली.