वारसाचे कागद आणि वकिलाची निवड



मी कायद्याचा पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, सभासदांचे अर्ज लिहिता लिहिता झाले. तिथे पगाराच्या तक्रारीइतकाच एक प्रश्न नेहमी येतो : "घरधनी गेले, आता कागद कसे करायचे?" आज त्याविषयीच दोन शब्द बोलणार आहे.

घरचेच सांगतो. वडील मुंबईत गिरणीकामगार. 1982 च्या संपात त्यांची नोकरी गेली ती गेलीच. ते वारले तेव्हा मागे बँकेतली थोडी ठेव होती. नॉमिनी म्हणून नाव काकांचे. काका म्हणाले, "नाव माझे, तेव्हा पैसा माझा." आम्ही ओळखीच्या एका वकिलाकडे गेलो. त्याने अस्सल कागद ठेवून घेतले, मिळेल त्यात चौथा हिस्सा मागितला, आणि तीन वर्षे नुसत्या तारखा दिल्या. कागदांची पावती आम्ही मागितलीच नाही. मालकाशी शब्दाला शब्द देणारा मी, काळ्या कोटापुढे मुका झालो. दुसरा वकील करून पैसा हाती आला तेव्हा आई उरली नव्हती.

आमचे अज्ञान दुहेरी होते. पहिले असे की, बँकेच्या ठेवीत नॉमिनी हा पैसा स्वीकारणारा, मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली तेव्हाच्या विमा कायद्याबाबत आणि 2010 साली बँकेच्या ठेवीबाबत हेच सांगितले. मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुषाच्या मिळकतीत विधवा, आई, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा आहे. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिचा वाटा जात नाही. "बहिणींच्या सह्या घेऊन टाका" असे सांगणाऱ्याला आधी विचारा, कशावर आणि कशासाठी?

दुसरे अज्ञान वकिलाविषयीचे. वकिलाला पहिला प्रश्न असा करावा : आम्हाला नेमका कोणता कागद हवा, आणि का? मृत्युपत्र नसताना ठेवी आणि शेअर यांच्यासाठी वारसा दाखला लागू शकतो. गावच्या जमिनीची वारसनोंद तलाठ्याकडे होते. मृत्युपत्र असेल तर प्रोबेटचा प्रश्न येतो. मुंबईत केलेल्या हिंदूच्या मृत्युपत्रावरून कोर्टात हक्क सांगायचा तर 1925 च्या कायद्याने प्रोबेट सक्तीचे होते. ते कलम संसदेने 2025 च्या डिसेंबरात रद्द केले. तंटा असेल तिथे प्रोबेट आजही उपयोगी पडते, पण सरसकट "घ्यावेच लागेल" म्हणणाऱ्याला कारण विचारावे.

मग पुढचे प्रश्न. अशी कामे त्या कोर्टात आपण चालविली आहेत काय? आपली फी किती, कोर्ट फी किती? दोन्ही वेगवेगळी लिहून घ्यावी. निकालातला हिस्सा फी म्हणून ठरविण्यास वकिलांच्या आचारनियमांनीच मनाई आहे. वकीलपत्र वाचून सही करावी. अस्सल कागद देणे भागच पडले तर यादी करून पोच घ्यावी. भाऊबंदांत वाद असेल, तर दोन्ही बाजूंना एकच वकील नको.

फी परवडत नाही म्हणून हक्क सोडू नये. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्री आणि औद्योगिक कामगार या दोघांनाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. हे आम्हाला ठाऊक असते, तर आईचे हेलपाटे वाचले असते.

बंधुभगिनींनो, कामावर लागताना आपण नेमणुकीचा कागद मागतो, पगाराची पावती मागतो. मग वकिलापुढेच संकोच का? त्याच्या विद्येचा मान जरूर राखा. पण काम तुमचे आहे, हे विसरू नका. आज घरी गेल्यावर एवढे करा : बँकेत, विम्यात, भविष्यनिर्वाह निधीत कोणाचे नाव आहे ते पाहा, आणि ते घरातल्या बाईला सांगा. मृत्युपत्र करायचे असेल तर दोन साक्षीदारांसमोर करा. मागे राहणाऱ्यांना त्याने मोठा आधार होईल.