पासवर्ड कोणाकडे आहे?

आजचा भाग जरा वेगळा आहे. एरवी मी एखादी योजना घेते, तिचे नियम सांगते, थोडी आकडेमोड करते. आज मात्र मी माझीच एक चूक सांगणार आहे. पाच वर्षं झाली तिला, पण माइकसमोर कधी बोलले नव्हते. 'धीर धरा, घाईनं विकू नका' असं दर वेळी तुम्हाला सांगणाऱ्या मीच नेमकं उलटं केलं होतं. लाज वाटायची, दुसरं काय!

तर गोष्ट २०१८ ची. बीटेक झालं, जुलैत हिंजवडीत नोकरीला लागले. पहिला पगार झाला तसं दादा म्हणाला, दर महिन्याला पाच हजारांची एसआयपी सुरू करू. केवायसी त्यानंच करून दिलं. फॉर्मवर मोबाइल नंबर त्याचा, ईमेल त्याचा. ओटीपीची कटकट मला नको, असं मीच म्हणाले होते. आता गंमत बघा, मी दिवसभर ऑफिसात बसून लोकांच्या लॉगिनसाठी कोड लिहीत होते, आणि माझ्या स्वतःच्या पैशांचा लॉगिन माझ्याकडे नव्हता.

ऑगस्ट २०१८ ते मार्च २०२०, वीस हप्ते गेले. म्हणजे एक लाख रुपये. ते एका निफ्टी इंडेक्स फंडात जात होते, पण मला विचाराल तर मी 'एसआयपीत आहेत' एवढंच सांगितलं असतं. एसआयपी ही फक्त हप्त्यानं पैसे भरायची पद्धत आहे, पैसे कशात जातात हा वेगळा प्रश्न आहे, एवढाही फरक मला माहीत नव्हता.

मार्चमध्ये लॅपटॉप घेऊन कराडला घरी आले. २३ मार्च २०२०, सोमवार. त्या एका दिवसात सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी पडला, तेरा टक्के. जानेवारीत बेचाळीस हजारांच्या वर गेलेला सेन्सेक्स सव्वीस हजारांच्या खाली बंद झाला. संध्याकाळी दादाचा फोन आला, "अजून पडणार म्हणतायत. काढून टाकू का?"

मी म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर."

त्यानं काढले. माझे आणि स्वतःचेही. माझ्या लाखाचे सत्तर हजारांच्या आसपास परत आले. डिसेंबर उजाडेपर्यंत सेन्सेक्स सत्तेचाळीस हजारांच्या पुढे गेला होता. त्याच पैशांना मी हात लावला नसता, तर वर्षअखेरीस ते एक लाख वीस हजारांच्या वर असते.

आता यात दादाला दोष देऊ नका, प्लीज. त्याला भीती वाटली, तशी लाखो लोकांना वाटली. मला त्याच्यापेक्षा माझं वाक्य खुपतं. तो निर्णय माझा नव्हताच. घालतानाही नव्हता आणि काढतानाही नव्हता. आपण कशात पैसे घातलेत हेच ठाऊक नसेल, तर धीर धरायचा कशाच्या जोरावर? निफ्टी म्हणजे देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्या. 'या पन्नासच्या पन्नास कंपन्या आता कायमच्या बुडणार आहेत का?' हा प्रश्न मी त्या संध्याकाळी स्वतःला विचारू शकले असते. पण प्रश्न पडायलासुद्धा आधी थोडं माहीत असावं लागतं.

आणि खरं नुकसान तीस हजारांचं नव्हतं. दादानं तीन महिन्यांत पुन्हा सुरुवात केली. मी ऑगस्ट २०२१ पर्यंत थांबले, तब्बल सतरा महिने. घटना एकच, पण त्याच्या मते मार्केट चुकलं होतं आणि माझ्या मते मी चुकले होते. 'आपल्याला हे जमत नाही बाई' असं मी मनात पक्कं करून टाकलं होतं. मैत्रिणींशी बोलले तेव्हा कळलं, हे वाक्य माझ्या एकटीचं नाही.

मग सुरुवात कशी केली? आईच्या वहीमुळे.

आमच्या कॉलनीत आई भिशी चालवते. बारा बायका, प्रत्येकीचे महिन्याला हजार रुपये, दर महिन्याला चिठ्ठी निघते आणि एकीला बारा हजार मिळतात. नीट पाहिलं तर जिला पहिल्या महिन्यात मिळतात तिला बिनव्याजी कर्ज मिळतं आणि जिला शेवटी मिळतात तिची बिनव्याजी बचत होते. आई स्वतः कायम शेवटचा नंबर घेते. का, तर म्हणे, "चालवणारीनं आधी उचलले तर बाकीच्यांचा विश्वास कसा बसणार?" एका वर्षी एका बाईनं पैसे उचलले आणि हप्ते देणं बंद केलं. तिच्या घरी अडचण होती. आईनं तिचे हप्ते आपल्या पदरचे भरले आणि आठ महिन्यांत, गाजावाजा न करता, सगळे वसूलही केले. वहीत एकेक नोंद आहे.

मी वही चाळत होते आणि आई शेजारी बसून म्हणते, "मला मेलीला पैशातलं काही कळत नाही."

अगं, तू एकोणीस वर्षं भिशी चालवतेस! धीर, हिशेब, जोखीम, वसुली, यातलं तुला काय येत नाही?

मग तिच्याकडूनच कळलं की तिच्या नावावर पीपीएफ आहे. बाबांनी टॅक्ससाठी काढलेलं. सह्या आईच्या आणि पासबुक बाबांच्या कपाटात. पीपीएफची मुदत पंधरा वर्षांची असते. ती संपत आली होती, आणि खात्यात किती आहेत हे आईनं कधी पाहिलंच नव्हतं. बाबांनी लपवलं होतं असं नाही. तिनं विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. बहुतेक घरांत हे असंच असतं ना?

आम्ही दोघी बँकेत गेलो, नंबर बदलून तिचा टाकायला. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "साहेब नाही आले?" आई म्हणाली, "खातं माझंय. साहेबांचं काय काम?" घरी येताना ती रिक्षात स्वतःशीच हसत होती.

त्याच महिन्यात मी माझा मोबाइल आणि ईमेल बदलून घेतला आणि पुन्हा पाच हजारांनी सुरुवात केली. या वेळी फंड स्वतः वाचून निवडला.

आता थोडे आकडे. दरमहा पाच हजार, वर्षाला सरासरी बारा टक्के परतावा धरला, तर दहा वर्षांत भरलेले सहा लाख साधारण साडेअकरा लाख होतात. वीस वर्षांत भरलेले बारा लाख जवळजवळ पन्नास लाख होतात. पहिल्या दहा वर्षांत साडेअकरा आणि पुढच्या दहांत अडतीस! चक्रवाढीचं फळ असं उशिरा दिसतं, आणि म्हणूनच सुरुवातीच्या वर्षांत 'काही होतच नाहीये' असं वाटून लोक सोडून देतात.

पण हे बारा टक्के कुणीही लिहून देत नाही, बरं का. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये एकवीस हजारांवर गेला होता, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आठ हजारांच्या खालीही जाऊन आला. पुन्हा एकवीस हजार दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडलं, आणि तिथून परत घसरून त्याच आकड्याला यायला २०१३ संपत आलं. जपानचं तर विचारूच नका. त्यांच्या निक्केईनं डिसेंबर १९८९ चा उच्चांक ओलांडला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षं! त्यामुळे 'थांबलं की मिळतंच' असं मी म्हणणार नाही. चार-पाच वर्षांत लागणारे पैसे, म्हणजे लग्न, घराचं डाउन पेमेंट, सहा महिन्यांचा घरखर्च, हे शेअर बाजारात ठेवूच नका. एफडीत ठेवा. धीर धरायचा तर धीर धरण्याइतकी मोकळीक आधी हाताशी हवी.

या आठवड्यात एकच काम करा. तुमच्या नावावर जे जे आहे, म्हणजे बँक, पीपीएफ, म्युच्युअल फंड, विमा, त्या प्रत्येकावर मोबाइल नंबर आणि ईमेल कोणाचा आहे ते बघा. म्युच्युअल फंडांचं एकत्रित स्टेटमेंट पॅनवर निघतं, पण ते नोंदवलेल्या ईमेलवरच येतं. तो ईमेल नवऱ्याचा, भावाचा किंवा एजंटचा असेल, तर तुमचा हिशेब त्यांच्याकडे जातोय. बदलून घ्या. भांडायची गरज नाही, नुसतं सांगा की मला बघायचंय. आणि वहीत दोन ओळी लिहून ठेवा: हे पैसे कशासाठी आहेत आणि कधी लागणार आहेत. माझ्या वहीत लिहिलंय, '२०४१ च्या आधी नाही.'

सप्टेंबर २०२४ मध्ये सेन्सेक्स शहाऐंशी हजारांच्या अगदी जवळ गेला आणि फेब्रुवारी २०२५ संपेपर्यंत त्र्याहत्तर हजारांवर आला. माझा फंडही पडला. मी लॉगिन केलं, लाल आकडा बघितला, पोटात गोळा आला. खोटं कशाला सांगू? मग वही उघडली.

रात्री दादाचा फोन आलाच. "काय गं, काढायचे का?"

म्हटलं, "माझे नाही काढणार. तुझं तू ठरव."

दोन सेकंद तो गप्प होता. मग म्हणाला, "का नाही काढणार, ते जरा सांग ना."

पुढची चाळीस मिनिटं मी बोलत होते. चला, आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात.