स्वाध्याय वाचणार कोण?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापलाय 'उतारवयात ऑनलाइन पदवी'. प्रवेश कसा घ्यायचा, फसवणूक कशी टाळायची, हे मी सांगावं अशी संयोजकांची अपेक्षा आहे. ते सांगतो. पण मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून माझे कित्येक रविवार गेले आणि त्यातून एक मत पक्कं झालं, ते आधी सांगू द्या. पन्नाशीनंतर शिकायला बसलेल्या माणसाला व्हिडिओ दोन कमी मिळाले तरी चालतं. त्याने लिहिलेलं वाचणारं कोणीतरी मात्र हवंच.

इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेबांच्या सिद्धार्थ महाविद्यालयात, १९४६ पासून, नोकरदारांच्या सोयीने सकाळी वर्ग भरत. १९८९ मध्ये नाशिकचं मुक्त विद्यापीठ आलं, राम ताकवले पहिले कुलगुरू, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी तिथली पदवी भिंतीवर असेल. (मागून आवाज : 'माझीच आहे!' हशा.) वा! मग तुम्हाला मी काय सांगणार?

आता ऑनलाइनचं. २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षणाची एकत्र नियमावली आणली. मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हेही आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. वयाची आडकाठी नाही. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा अभ्यासक्रम आहे, तिथे मुलगा आणि वडील एकाच तुकडीत बसू शकतात. दार उघडलंय, याचा मला मनापासून आनंद आहे. माझी काळजी आत गेल्यावरची आहे.

आमच्या केंद्रावर एक बाई यायच्या. पिठाची गिरणी चालवायच्या. सातवीत शाळा सुटलेली. पूर्वतयारीचा शिक्षणक्रम करून बी.ए.ला आल्या. स्वाध्यायाच्या कागदांच्या घडीत पीठ बसलेलं असायचं, कागद झटकून मग वाचायचा. एकदा प्रश्न होता : रोजगार हमी योजनेची वैशिष्ट्ये लिहा. पुस्तकातले मुद्दे त्यांनी नीट उतरवले. १९७७ चा कायदा, व्यवसाय करातून उभा राहिलेला पैसा, सगळं. खाली एक रेघ मारली आणि रेघेखाली स्वतःचं लिहायला लागल्या. ७२ च्या दुष्काळात त्या आईबरोबर खडी फोडायला जात. शाळा तिथेच सुटली. लाल मिलोची भाकरी, मुलांना वाटलेली सुकडी, हे या सभागृहातल्या पांढऱ्या केसांना सांगायला नको. पण त्यांनी पुढे जे लिहिलं ते मला माहीत नव्हतं. खडी मोजायला बिनतळाची लाकडी चौकट असे. मुकादम चौकटीवर शीग लावून घ्यायचा आणि पैसे सपाट चौकटीचे द्यायचा. बाईंनी चित्र काढलं होतं : चौकट, वर खडीचा डोंगर, आणि डोंगरावर बाण काढून लिहिलं होतं, 'हे फुकट'.

मी इतिहासाचा शिक्षक. समासात मी एवढंच लिहिलं : 'हे आणखी कोणाकोणाला आठवतं? विचारा.'

बाई तीन रविवार आल्याच नाहीत. मला वाटलं, सुटल्या. दुष्काळाने एकदा सुटलेली शाळा आता माझ्या शेऱ्याने सुटली की काय! चौथ्या रविवारी वही घेऊन आल्या. दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईला त्यांनी विचारलं होतं. कोणत्या रस्त्यावर होतीस, पगाराला किती दिवस लागायचे, तान्हं पोर कुठे ठेवायचीस. पीठ पडेपर्यंत बायका सांगायच्या, या टिपून घ्यायच्या. एकीने सांगितलं की आमच्या रस्त्यावर शीग नव्हती, आमचा मुकादम सरळ होता. बाईंनी तेही लिहिलं. त्यांना कोणी संशोधनाची पद्धत शिकवली नव्हती, पण आपल्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा पुरावा त्यांनी ठेवला. मी ती वही आमच्या प्राचार्यांना दाखवली, ते म्हणाले...

(अध्यक्षांनी चिठ्ठी दिली.) दहाच मिनिटं? बरं. प्राचार्य राहू द्या.

हाच प्रश्न आज पडद्यावर कसा येतो? 'रोजगार हमी कायदा कोणत्या साली झाला?' चार पर्याय, एक टिचकी, हिरवी खूण. बाई पास झाल्या असत्या. चौकट मात्र कोणाला कळली नसती. नियमावलीने अंतर्गत मूल्यमापनाला तीस टक्क्यांपर्यंत जागा दिली आहे. त्या जागेत काय बसवायचं हे विद्यापीठाच्या हातात आहे. हजारो विद्यार्थी, तपासणाऱ्याला तुटपुंजं मानधन, म्हणून पर्यायी प्रश्न बसवले जातात.

(श्रोत्यांतून एक गृहस्थ : 'पण सर, त्यामुळे फी परवडते. आणि प्रवास वाचतो.') तुमचं खरं आहे. संधिवात झालेल्या माणसाने एसटीने रविवारी तालुक्याला यावं असं मी म्हणत नाही, कृपा करून तसा अर्थ काढू नका. मी तंत्राच्या विरोधात नाही. स्वाध्याय मोबाइलवर फोटो काढून पाठवा, शेराही मोबाइलवरच येऊ द्या. शेरा माणसाचा असू द्या, एवढंच मागतोय. वीस वर्षांच्या मुलाला वाचणारे पुढे आयुष्यात भेटतील. साठीच्या माणसाकडे सांगण्यासारखं साठलेलं असतं आणि त्याचं लिहिलेलं शेवटचं कोणी तपासून, हुज्जत घालून वाचलं, ते शाळेत.

(दुसरी चिठ्ठी.) हो, आवरतो. प्रवेशाचं भराभर सांगतो. फी भरण्याआधी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर यादी बघा. नुसतं विद्यापीठाचं नाव पुरत नाही, त्या सत्रासाठी तो अभ्यासक्रम यादीत हवा. निवृत्तीनंतर वकिली शिकायची हौस पुष्कळांना असते. कायद्याची पदवी ऑनलाइन होत नाही, कोणी देतो म्हणाला तर उठून या. भगिनींनी दाखल्यावरचं माहेरचं नाव आणि आधारवरचं नाव आधी जुळवून ठेवावं; विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र लागतं आणि त्यात महिने जातात. ओटीपी... (आवाज : 'नातू देतो!' मोठा हशा.) उत्तम, नातवाला धरून ठेवा.

आणि या सभागृहात निवृत्त शिक्षक किती आहेत? हात वर करा. एवढे! मग विद्यापीठाची वाट कशाला पाहायची? आपल्या सार्वजनिक वाचनालयाची वरची खोली रविवारी रिकामी असते, ग्रंथपालांशी मी बोललो आहे. ऑनलाइन शिकणाऱ्या कोणीही तिथे यावं, लिहिलेलं आणावं, आपण वाचू. गुण देण्याचा अधिकार आपल्याला नाही, समासात लिहिण्याचा आहे. दाराशी वही ठेवली आहे. नाव, विषय आणि कोणता रविवार जमेल, एवढं लिहून जा.